चौदा कबुतरांचं दिवाळं

दिवाळं काढायला पैसे लागतात, ही गोष्ट नेव्हिल हेपलला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळली, आणि तीही लहान मुलाच्या खुर्चीवर बसलेला असताना. अ‍ॅशिंग्टनच्या वाचनालयात फुकट सल्ल्याचं टेबल दर मंगळवारी बालविभागात मांडत. त्यामुळे गावातला प्रत्येक कर्जबाजारी माणूस गुडघे हनुवटीला टेकवून, पाठीशी पुठ्ठ्याचा हत्ती घेऊन आपली कर्मकहाणी सांगायचा. नेव्हिल त्यासाठी टाय लावून आला होता. खाणीच्या कचेरीत पगारपत्रकं लिहिण्यात त्याचं अर्धं आयुष्य टायमध्ये गेलं होतं. पुढे खाण गेली, मग नगरपालिकेतली नोकरी गेली, मग पाठ गेली. टाय तेवढा राहिला.

"सहाशे ऐंशी पौंड," सल्ला देणारी जीना म्हणाली. ती त्याच्या मुलीच्या वयाची होती आणि फार गोड बोलायची, त्यामुळे जास्तच लाज वाटायची. "आधी भरायचे. मग अर्ज."

"पण पैसे नाहीत म्हणूनच दिवाळं काढायचंय ना?"

"हो. सगळे हेच म्हणतात, मिस्टर हेपल."

वीस हजारांपर्यंत कर्ज असणाऱ्या गरिबांसाठी एक स्वस्तातली योजना होती, नव्वद पौंडांत काम व्हायचं. नेव्हिलचं कर्ज तेवीस हजार. एका कार्डाचं फेडायला दुसरं कार्ड, दुसऱ्याचं फेडायला तिसरं, असं करत करत तो सज्जनपणे तिथवर पोचला होता. "तीन हजारांनी हुकलं," जीना हळहळून म्हणाली. गरिबांच्या योजनेत बसायला त्याचं कर्ज जरा जास्तच श्रीमंत निघालं.

"एक चांगलं आहे," ती पुढे म्हणाली. "तुमचं नवरा-बायकोचं सगळं उत्पन्न म्हणजे सरकारी भत्ता. त्यातला एक पैसाही कोणी कापणार नाही. वर्षभरात तुम्ही मोकळे. नाव मात्र सरकारी राजपत्रात छापून येईल."

"ते राजपत्र या वाचनालयात येतं?"

"नाही."

नेव्हिलचा जीव भांड्यात पडला.

"मौल्यवान वस्तू? दागिने, गाडी, जनावरं?"

"जनावरं म्हणजे?" नेव्हिलने टायची गाठ चाचपली.

"म्हणजे घोडाबिडा."

"घोडा नाही," नेव्हिल ठामपणे म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

त्याच्याकडे होती ती कबुतरं. चौदा. शर्यतीची. घरामागच्या गल्लीपलीकडे खाणकामगारांच्या भाजीच्या वाफ्यांत त्याचा हिरव्या पट्ट्यांचा कबुतरखाना होता, आणि त्यात ग्लॅडिस नावाची निळसर राखाडी मादी होती. तिने आठ वर्षांपूर्वी फ्रान्सहून समुद्र ओलांडून, वादळात, गावात सर्वांत आधी येऊन पंचक्रोशीला तोंडात बोट घालायला लावलं होतं. तेव्हा यॉर्कच्या एका खाटकाने तिचे पाचशे पौंड देऊ केले होते. नेव्हिलने त्याला चहादेखील न पाजता वाटेला लावलं होतं.

ते सहाशे ऐंशी जमवायला आठ महिने लागले. दर पंधरवड्याला भत्ता आला की चाळीस पौंड भरायचे. त्याच्या बायकोने, डोरीनने, शनिवारची मटण-पेस्ट्री सोडली, बिंगो सोडलं, विणकामाचं मासिक बंद केलं. सतरावा हप्ता भरला तेव्हा ती म्हणाली, "अरे नेव्हिल, एवढी काटकसर आधी केली असती तर दिवाळं कशाला काढावं लागलं असतं?" नेव्हिलने पाठीला हात लावला. बायको बरोबर बोलली की त्याची पाठ दुखायला लागायची.

डोरीनला लाज वाटत नव्हती, हेच त्याला समजत नव्हतं. ती मजेत पुढच्या दाराने ये-जा करायची, दिसेल त्याच्याशी गप्पा मारायची. नेव्हिल मात्र पहिलं वसुलीचं पत्र आल्यापासून पुढच्या रस्त्यावर फिरकला नव्हता. मागच्या दाराने बाहेर, मागच्या गल्लीने वाफ्यांवर, आणि तसाच परत. पोस्टमन हसला तरी त्याला वाटायचं, याला कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. नेव्हिलच्या मनात तर बारा महिने पौर्णिमाच होती.

आणि यामागे कारण होतं. नेव्हिल हा 'साउथ एंड होमिंग सोसायटी' या कबुतर मंडळाचा एकोणीस वर्षांचा खजिनदार होता. लोखंडी पेटी त्याच्या कपाटात असायची. नऊ सभासद डोळे मिटून तीत आपली वर्गणी टाकायचे, कारण हेपल म्हणजे हेपल. आणि मंडळाच्या नियमावलीत नववा नियम असा होता, की दिवाळखोर माणसाला खजिनदार राहता येणार नाही. हा नियम नेव्हिलने स्वतः, स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिला होता. तेव्हा त्याने 'दिवाळखोर' या शब्दाखाली दोन रेघाही मारल्या होत्या.

आता हा माणूस सल्ला कोणाचा घेणार? मंडळाचा चिटणीस एर्नी स्टॉब्ज त्याच्या शेजारच्याच वाफ्यात कांदे लावायचा. एका सकाळी नेव्हिलने कुंपणावर कोपर टेकवून अगदी सहज विचारलं, "एर्नी, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याचं दिवाळं निघायचंय. त्याची कबुतरं सरकार नेतं का रे?"

स्टॉब्जने कांद्यातून मान वर केली. "तुझ्या ओळखीचा?"

"दूरचा. तिकडे, ब्लाइथचा."

"नेतात की! माझ्या चुलतभावाच्या मेव्हण्याचा फ्रीझर नेला, आत वाटाणे होते ते सुद्धा. सांग तुझ्या माणसाला, जीव अडकलेला असेल ते आधी हलव म्हणावं."

हा फ्रीझर कोणी, कधी, कुठे नेला, याची चौकशी करायला हवी होती. पण घाबरलेल्या माणसाला चौकशी सुचत नाही, सल्ला तेवढा सुचतो.

आता, घरी परतणारी कबुतरं लपवायची कशी, हा प्रश्न जगात फार थोड्या लोकांना पडला असेल. दुसऱ्याच्या हवाली करा, दार उघडलं की तासाभरात आपल्या छपरावर हजर. त्याचसाठी तर नेव्हिलने त्यांना जन्मभर शिकवलं होतं. म्हणून ती बंद दाराआड ठेवायला हवीत, दूर ठेवायला हवीत, आणि ठेवणाऱ्याने कारण विचारता कामा नये. शेवटची अट सोडली तर शेजारची बेरिल सगळ्यांत बसत होती. पंच्याहत्तरीची विधवा, चालती गाडी, आणि तीस मैलांवर हेक्समला बहिणीची रिकामी शेड.

"का रे बाळा?" बेरिलने विचारलंच.

"कबुतरखान्यात रोग शिरलाय," नेव्हिल म्हणाला. "धुऊन काढायचाय. कोणाला सांगू नका. आणि तिथे दार काही झालं तरी उघडायचं नाही."

बेरिलने चौदा कबुतरं टोपल्यांत घालून हेक्समला पोचवली आणि कोणालाही सांगितलं नाही. फक्त स्टॉब्जच्या बायकोला सांगितलं, तेही काळजीपोटी.

संध्याकाळी स्टॉब्ज पाठीला फवारणीचा पंप बांधून, तोंडाला फडकं गुंडाळून दारात उभा. "हेपल, रोग आणि मला सांगितलं नाहीस? कसला रोग? हिरवी हगवण की मान वाकडी होते?"

"दोन्ही नाही... म्हणजे, थोडं थोडं दोन्ही."

एवढ्यावर नेव्हिलने खरं सांगून टाकायला हवं होतं. त्याच्या ओठांवर आलंही. पण खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग तेवीस हजार आणि नववा नियम, दोन्ही बाहेर पडणार. त्याने ओठ मिटले, आणि स्टॉब्जने निरोगी कबुतरखान्याची भिंत अन् भिंत औषधाने धुऊन काढली. मग चिटणीस या नात्याने त्याने मंडळाच्या सगळ्या शर्यती तीन आठवडे बंद केल्या. त्यात फ्रान्सची शर्यतही आली. वर्षातून एकदा होणारी. जिच्यासाठी नऊ म्हातारे जानेवारीपासून पक्ष्यांना आपल्या ताटातले दाणे काढून घालत होते.

"काय करणार," स्टॉब्ज खिन्नपणे म्हणाला. "तुझा काही दोष नाही, दोस्ता. तू वेळीच पक्षी हलवलेस."

त्या रात्री नेव्हिलला जेवण गेलं नाही. दिवाळखोर होण्याची लाज वेगळी होती. ती आठ महिने चावून चावून त्याला सवयीची झाली होती. ही नवी लाज मात्र घशातच अडकली.

अर्ज मंजूर झाला. सरकारने नेव्हिल हेपलला रीतसर दिवाळखोर जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात बँकेने त्याचं खातं गोठवलं, नेमकं भत्ता जमा झाल्यावर. बँकेला फोन केला तर म्हणाले, सरकारी अधिकाऱ्याला विचारा. सरकारी अधिकाऱ्याच्या कचेरीत फोन केला तर म्हणाले, आमची हरकत नाही, बँकेला सांगा. बँक म्हणाली, तसं पत्र आणा. कचेरी म्हणाली, पत्र पाठवलंय. बँक म्हणाली, आमच्याकडे पत्रं दुसऱ्या शहरात उघडतात. चार दिवस हा खो-खो चालला आणि तोवर हेपल घराण्याने बेरिलच्या उसन्या बटाट्यांवर दिवस काढले. डोरीनने ते उघडपणे मागून आणले. "त्यात काय?" ती म्हणाली. "बटाटेच आहेत, किडनी नाही मागितली."

मग आला त्या सरकारी अधिकाऱ्याला मुलाखत देण्याचा दिवस. गुरुवार, सकाळी अकरा, फोनवरून. घराच्या भिंती अशा, की नेव्हिल शिंकला तर पलीकडून बेरिल 'जपून रे' म्हणायची. म्हणून त्याने टाय लावला, डोरीनचा मोबाइल घेतला आणि तो रिकाम्या कबुतरखान्यात, उपड्या बादलीवर जाऊन बसला. तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

अधिकाऱ्याचं नाव मिस्टर अचेंपाँग. आवाज शांत, मास्तरांसारखा. उत्पन्न? सरकारी भत्ता. घर? भाड्याचं. गाडी? नाही. बचत? नेव्हिलला हसू आलं, पण त्याने ते आवरलं.

"आता नीट ऐका, मिस्टर हेपल. याशिवाय तुमच्या मालकीचं काही आहे? कोणाकडे ठेवायला दिलेलं, गेल्या वर्षभरात कोणाला देऊन टाकलेलं?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "काही नाही."

आणि टिंग, झडपेवरची घंटी वाजली.

शर्यतीचं कबूतर परत आलं की झडप ढकलून आत शिरतं आणि घंटी वाजते. एकोणीस वर्षं हा आवाज ऐकला की नेव्हिलचं काळीज आनंदाने उडायचं. आज ते खाली बसलं. झडपेतून ठिपक्यांचा नर आत आला, त्याने मालकाकडे आणि टायकडे पाहिलं आणि तो आपल्या खणात जाऊन बसला.

"दारावर कोणी आलंय का?" अचेंपाँगनी विचारलं.

"नाही. हो. चालू द्या."

टिंग. टिंग. टिंग टिंग.

"मिस्टर हेपल, तिथे कबुतरं घुमताहेत का?"

नेव्हिल हेपलने आयुष्यात पगारपत्रकात अर्ध्या पेनीची चूक केली नव्हती. त्याचा बांध फुटला. त्याने कबुतरं सांगितली, हेक्सम सांगितलं, खोटा रोग सांगितला, स्टॉब्जचा पंप सांगितला, फ्रान्सची शर्यत सांगितली, नववा नियम सांगितला. "मला तुरुंगात टाकणार असाल तर टाका," तो म्हणाला, "फक्त न्यायचं असेल तर मागच्या गल्लीने न्या."

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग अचेंपाँग म्हणाले, "विचारलं की खरं सांगायचं, मिस्टर हेपल. पुन्हा असं करू नका. आता, या पक्ष्यांची किंमत?"

"ग्लॅडिसचे पाचशे पौंड आले होते."

"कधी?"

"आठ वर्षांपूर्वी."

"आज तिचं वय?"

"अकरा."

"मग मी लिहितो, पाळीव कबुतरं चौदा, किंमत शून्य."

नेव्हिल बादलीवरून उठला. "शून्य? अहो, ती फ्रान्सहून आलीय! वादळातून! पाचशे नाही तर निदान पन्नास तरी लिहा."

"पन्नास लिहिले तर तुम्हाला उपयोग नाही, आणि आम्हाला तर नाहीच. तुमचा भत्ता आम्ही घेत नाही, तुमची कबुतरं आम्हाला नकोत. तुमच्याकडून घेण्यासारखं काहीच नाही, मिस्टर हेपल." हे त्यांनी अगदी प्रेमाने, दिलासा म्हणून सांगितलं.

ज्या माणसाने सरकारपासून आपली दौलत महिनाभर लपवली, त्याला सरकारने सांगितलं की दौलत नव्हतीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तेव्हा नेव्हिलच्या मुठीत थोडी पिसं निघाली. त्याने फोन ठेवला. मग त्याने कबुतरं मोजली. तेरा होती. ग्लॅडिस नव्हती.

दुपारी बेरिल हेक्समहून रडत आली. "बाळा, माझ्या हातून घात झाला रे! बिचारी माझ्याकडे टुकूटुकू बघत होती, म्हटलं दोन मिनिटं हवा खाऊ देत. दार उघडलं आणि मेली जी उडाली ती परत आलीच नाहीत!"

"आलीत," नेव्हिल म्हणाला. "घरी आलीत."

ग्लॅडिस संध्याकाळपर्यंत आली नाही. अकरा वर्षांची मादी, महिनाभर शेडमध्ये बसून पंख आखडलेली, आणि वाटेत ससाण्यांची टेकडी. नेव्हिल अंधार पडेपर्यंत आकाशाकडे बघत उभा होता. शून्य किमतीच्या पक्ष्यासाठी एवढं रडू यायचं कारण नव्हतं, पण आलं.

शुक्रवारी मंडळाची बैठक असायची, खाणकामगारांच्या क्लबच्या मागच्या खोलीत. नेव्हिलने लोखंडी पेटी टेबलावर ठेवली, किल्ली तिच्यावर ठेवली, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. आधी दिवाळं. बोलताना त्याची नजर टेबलावर होती.

मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने खाकरून विचारलं, "बँकेने खातं गोठवलं का रे? माझं बारा दिवस गोठवलं होतं."

"माझं दिवाळं चौऱ्याण्णव साली निघालं," स्टॉब्ज म्हणाला. "तो फ्रीझर माझाच होता. आणि कोणी नेला नव्हता, मीच घाबरून दुसऱ्याकडे ठेवला आणि वाटाणे सडले. नववा नियम तू लिहिलास तेव्हा मी गप्प बसलो. तुझं अक्षर फार सुंदर होतं."

नेव्हिलला वाटलं, सुटलो. मग त्याने रोगाबद्दल सांगितलं. रोग नव्हताच, असं सांगितलं.

आता मात्र सगळ्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. स्टॉब्जचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझी कबुतरं धडधाकट होती? फ्रान्स उगाच हुकलं?"

"हो."

"अरे, दिवाळं कोणाचंही निघतं! पण शर्यत, हेपल? शर्यत?"

त्यांनी मत घेतलं. दिवाळ्यासाठी नव्हे; नववा नियम एकमताने खोडून टाकला. खोटा रोग सांगितल्याबद्दल नेव्हिलला खजिनदारपदावरून काढलं. बाजूने सगळे हात वर गेले. त्यांत एक नेव्हिलचा होता. आठ महिने तो भलत्याच गोष्टीची लाज बाळगत होता. जिची बाळगायची ती आता त्याच्या वाट्याला आली, आणि तिच्यात लपायला मागची गल्ली नव्हती. शनिवार, रविवार स्टॉब्ज कुंपणापलीकडे कांदे खणत राहिला आणि एक शब्द बोलला नाही.

सोमवारी दुपारी डोरीनची हाक आली. "नेव्हिल! लवकर ये! पुढच्या दाराने!"

"मागून येतो."

"पुढच्या दाराने ये म्हणते ना!"

नेव्हिल पुढच्या दारात आला. टाय नव्हता, पायात सपाता होत्या. रस्त्याच्या मधोमध ग्लॅडिस चालत येत होती. डावा पंख खाली लोंबत होता, शेपटीची निम्मी पिसं गेली होती, आणि ती एक पाय दुसऱ्यापुढे टाकत, घाई न करता, घराकडे निघाली होती. तिच्यामागे दोन नंबरची बस तिच्याच चालीने सरकत होती आणि बसच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. दोन्ही बाजूंची दारं उघडली होती. बेरिल तोंडावर हात घेऊन उभी होती.

नेव्हिल ग्लॅडिसला उचलायला वाकला.

"हात लावू नकोस!" स्टॉब्ज रस्त्यापलीकडच्या आपल्या फाटकातून ओरडला. शुक्रवारनंतर तो पहिल्यांदाच बोलत होता. "तिचं तिला पुरं करू दे. झडपेतून गेली तरच धरतात." त्याने खिशातून मंडळाची वही काढली, घड्याळ पाहिलं आणि पेन्सिल ओली केली. "हेक्समहून? कधी सुटली?"

"गुरुवारी. सकाळी दहाला," बेरिल म्हणाली.

"चार दिवस, तीन तास. तीस मैल. मंडळाच्या इतिहासात इतकं सावकाश कोणी आलं नाही," स्टॉब्ज म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं. मग त्याने नेव्हिलकडे पाहिलं. "मालक कोण लिहू? की तुझा तो ब्लाइथचा ओळखीचा माणूस?"

नेव्हिलने आजूबाजूला पाहिलं. सगळा रस्ता बघत होता.

"माझी आहे," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल, बसचा आवाज होतोय."

"माझी! नेव्हिल हेपल!"

स्टॉब्जने नाव लिहिलं. ग्लॅडिस तोवर पुढे गेली होती. नेव्हिल सपाता फरफटवत तिच्या मागोमाग भर रस्त्याने चालू लागला, आणि बस त्या दोघांच्या मागे.